हसऱ्या भाच्याचा पाहुणचार

कस्त्रोमा, रशिया, ५ जुलै १९९६

चि. तैसियास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा ग्लेब सुखरूप पोहोचला. तेवीस वर्षांचा भाचा पहिल्यांदा पाहिला, डोळे भरून आले. पण बाई, हा सगळ्यांकडे बघून हसतो! आपल्याकडे अनोळखी माणसाकडे बघून उगाच कोणी हसतं का? पावाच्या दुकानातल्या बाईकडे बघून हसला, तर त्या बिचारीने आपली बटणं तपासली. वरच्या मजल्यावरची रायसा मला विचारते, पोरगा डोक्याने जरा कमी आहे, की काही विकायला आलाय? कॅनडात वाढलाय म्हटलं, तर हळहळली.

आल्या आल्या त्याने उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे केला. उंबऱ्यावरून हात मिळवला की भांडण ठरलेलं! मी त्याला असा आत ओढला की बॅगेसकट आला.

खरं सांगते, बाबांचं बागेतलं लाकडी घर त्याच्या नावावर करायचं मनात होतं. आता वाटतं, रायसा मागतेय तर तिलाच विकावं. घर आपल्या माणसाकडे राहावं, परक्याकडे नको.

तुझी ताई,
क्लावदिया

टोरांटो, १६ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

हसले आणि रडलेही. दोष माझा. ग्लेब इथे पहिलीत असताना शाळेच्या बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, घरी कोणी गेलंय का, मुलगा कधी हसत नाही. मग रोज आरशापुढे उभं करून मीच त्याला हसायला शिकवलं. दातांवरून माणूस परका ठरवू नकोस गं. बाबांचं घर विकू नकोस.

राग सोड, माया ठेव.

तुझीच,
तैसिया

कस्त्रोमा, २९ जुलै

चि. तैसियास आशीर्वाद.

ग्लेब अजून इथेच आहे, घाबरू नकोस. काल निघायचं होतं. गाडीची वेळ झालेली, रायसा निरोपाला आलेली. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, ही आपली रीत त्याला कसं सांगावं याच विचारात मी होते. तर हा आपणहूनच बॅगेवर बसला. गप्प, हात गुडघ्यांवर, नजर जमिनीकडे. अगदी बाबा! तूच शिकवलंस ना हेही? मी स्टुलावर टेकले, रायसा बुटांच्या पेटीवर. आधी उठायचं कोणी? कोणीच उठेना. गाडी गेली.

मग ग्लेबने चहा मागितला आणि हसला. आणि मीही हसले, भर दारात, सगळे दात दाखवून. रायसा माझ्याकडे बघतच राहिली. विचारते, आता तूही काही विकायला काढलंस की काय?

मी म्हटलं, नाही गं बाई, काहीच विकायचं नाहीये.

माया आहेच, वाढवत राहा.

तुझी,
क्लावदिया