चौथं कडवं

१२ नोव्हेंबर

नवापूरला मुलाकडे राहायला आलो. प्रफुल्ल बोईसरच्या एका कारखान्यात वायरमन. अंगणात माड, पलीकडे वाळत टाकलेले बोंबील, आणि समुद्राची गाज तर थेट मधल्या सुट्टीतल्या शाळेसारखी. माझी काठी पाहून शेजारची बायडी म्हणाली, मास्तर, आमची होडी पण एवढी वाकडी नाय चालत. पोटभर हसलो.

नात स्वरा पहिलीत आहे. तिला रत्नाची कविता शिकवणार. रत्नाने, माझ्या बायकोने, ती आपल्या शाळेत, वर्गातल्या मुलांसाठी रचली, पण लिहिली कधीच नाही. ती गेल्यावर चारही कडवी फक्त माझ्याजवळ उरली. प्रफुल्ल म्हणाला, बाबा, वहीत उतरवून ठेवा. मी म्हटलं, कविता कानाने शिकायची असते. एक कडवं मुरल्याशिवाय पुढचं नाही.

ये गं होडी, ये किनारी,
सांज उतरली माडावरी...

स्वराने लगेच विचारलं, होडी घरी पोचते का? म्हटलं, चौथ्या कडव्यात.

३ जानेवारी

पालघरच्या डॉक्टरांना दाखवलं. रक्तातल्या राखणदार टी-पेशीच माझ्या नसांचं आवरण कुरतडतात, हे दुखणं तरुणपणापासूनचं. डॉक्टर म्हणाले, आता रक्तात शांतता आहे, या वयात हल्ले कमी होतात. येताना पेढे आणले. दुसरं कडवं झालं.

१९ एप्रिल

हल्ला नाही, तरी पाय जड होत चाललेत. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं: काही पेशी फार पूर्वी मेंदूत शिरल्या आणि तिथेच घर करून राहिल्या. औषध तिथवर नीट पोचत नाही.

तिसऱ्या कडव्यात दोनदा अडलो. स्वराला वाटलं, मी मुद्दाम थांबलो.

२ जुलै

आठवायला जातो, तर माझ्याआधी तिथे कुणीतरी बसलेलं असतं. मी पोचेपर्यंत ओळ — खाऊन झालेली.

प्रफुल्ल वही घेऊन बसला. सांगा बाबा, जमेल तसं सांगा. चाल आली. शब्द नाही.

२१ ऑगस्ट

अक्षर वाकडं येतंय. स्वरा रोज विचारते, आजोबा, होडी पोचली? मी म्हणतो, उद्या —

माझ्यामुळे ती तिथेच. अंधारात, पाण्यावर —

२२ ऑगस्ट

रत्ना दिसली. वर्गापुढे. चौथं कडवं म्हणताना ती तळव्याचा आडोसा धरायची. आडोशात काहीतरी होतं. छोटं. पिवळं. वाऱ्याने थरथरणारं. ते बघूनच होडी किनाऱ्याला — त्याला म्हणतात — संध्याकाळी लावतात ते — त्याला