सासूबाईंचा हात

सँडीफोर्ड, डब्लिन
१४ जानेवारी २०१८

ती. आई,
लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही व्हिएतनामहून सुखरूप परतलो. इथे थंडी आहे, पण घर उबदार आहे. काळजी करू नकोस.

तुआनच्या आईची ह्युए गावात फुटपाथवर नूडल्सची गाडी आहे. पाटाएवढ्या स्टुलांवर गुडघे पोटाशी घेऊन सगळे खातात, आणि माशांचे काटे, लिंबाच्या फोडी खालीच टाकतात. पहिल्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या जेवायच्या काड्यांनी माशाचा तुकडा माझ्या वाडग्यात ठेवला. उष्टं! मी थबकले. तुआन हळूच म्हणाला, "आमच्याकडे माया अशीच करतात." मग मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा हात इतका थरथरला की तुकडा माझ्या मांडीवर पडला. तेव्हा शेजारच्या फळवालीनं सांगितलं, की दिवाळीच्या सुमारास त्या गाडीपाशीच कोसळल्या होत्या. आम्हाला पत्ताच नव्हता.

"आमच्याबरोबर चल," तुआननं परोपरीनं विनवलं.

"माझी गिऱ्हाइकं कुठे जेवतील?" म्हणत त्या वाडगी धुवायला बसल्या.

काल तुआननं विचारलं, "तुझी आई कशी आहे?" मी म्हटलं, "मजेत." तू फोनवर तेच सांगतेस ना? सासूबाईही दर रविवारी त्याला तेच सांगायच्या.

आई, तुझा गुडघा खरंच बरा आहे का? भाजी कोण आणून देतं? या वेळी खरं सांग. ऐकून मी इथून काय करणार, ते मात्र मलाही ठाऊक नाही.

तुझीच,
मुक्ता