निताच्या पाटीवरचं चित्र

इंझोरी,
ता. २१ जानेवारी २०२५, मंगळवार

चि. सौ. योगिनी,

तुले तुह्या सासूचा लई लई आशीर्वाद. आमी इकडं बरे आहोत. माहा विकास तूर काढून राह्यला. अकोल्याले थंडी असंन, होस्टेलात पांघरून पुरते का? नर्सिंगची परीक्षा जवळ आली ना. मी तिसरी शिकलेली बाई, अक्षर वाकडं हाये, हासू नको.

पयले खुशीची गोष्ट. फोनवर गडबडीत सांगतली होती, आता नीट सांगतो. मागच्या महिन्यात आपल्या निताने मले पानी मांगतलं! डाक्टर स्वमग्न म्हणो का काय म्हणो, पाच वर्साची पोर पयल्यांदा काही मांगून राह्यली. मानोऱ्याची बेबीताई दर मंगळवारी शिकवाले येते. तिनं पुठ्ठ्याची चित्रं बनवून दाराजवळच्या पाटीवर लावली: गिलास, भाकर, झुला. पोरीनं गिलास उपटला अन् माह्या हातात देल्ला. नाही त माठाकडं हात ओढे, नाही त सोताचं मनगट चावे.

शेजारची पंचफुला म्हणे, "काय वं प्रयागबाई, बोलली का पोरगी?"

म्या म्हटलं, "बोलली. हातानं बोलली." साऱ्या गल्लीत गूळ वाटला.

मंग निताने झुला मांगतला, भाकर मांगतली. पंचफुलाच्या बकरीनं भाकरीचं चित्र खाऊन टाकलं, आता बकरीसंग काय भांडा! बेबीताईनं दुसरं बनवलं. तिचा नियम एकच. चित्र हातात आलं का वस्तू तेव्हाच द्याची. "आजी, मांगून भेटलं नाही त लेकरू मांगणंच सोडते."

तू म्हणशीन, फोन असून पत्र कायले? फोनवर माह्या तोंडून खोटंच निघते, म्हणून.

पाटीवर अजून एक चित्र होतं. तुहा फोटो. नव्या सालाले बेबीताईनं लावला. निता उठली का तो माह्या हातात आणून दे. जेवता जेवता दे. म्या झुल्यावर बसवलं तरी उतरून तोच आणे. मी काय देऊ तिले? चार रोज "येते मा, येते" म्हटलं. मंग फोटो काढला अन् मुगाच्या डब्यात घातला.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी तू फोनवर इचारलं, "आत्याबाई, निता मले शोधते का?" म्या म्हटलं, "नाही वं. तिले कोणाचं काही नाही. तू अभ्यास कर." तू म्हणाली, "मंग संक्रांतीले येत नाही मी. मी आली काय न गेली काय, तिले सारखंच." तरी म्या खरं सांगतलं नाही.

तुह्या अभ्यासासाठी लपवलं, असं देवापुढं बी सांगून पाह्यलं. तसं नाही. पोर माह्यापाशीच येते, हे मले गोड लागलं होतं. तू इथं होती तवा चार बायांत म्हणत होती ना मी, मायनंच पोर बिघडवली म्हणून. मले वाटे, आता पाहा, म्या बोलती केली.

अकरा रोज झाले, निता एकही चित्र देत नाही. गिलासाचं बी नाही. तहान लागली का माठाजवळ बसून मनगट चावते. मागच्या मंगळवारी संक्रांत होती म्हणून बेबीताई आली नव्हती, आज तिनं पाटी पाह्यली. "आजी, आईचं चित्र कुठं हाये?"

"बकरीनं खाल्लं," म्या म्हटलं.

तिनं पोरीच्या मनगटावरचे दातांचे वळ पाह्यले, त्याले हळद लावली अन् गेली.

ती गेल्यावर म्या फोटो डब्यातून काढून पाटीवर लावला. निता जवळ आली. लई वेळ पाह्यलं. हात नाही लावला. भिंतीकडं तोंड करून बसली.

परीक्षा सोडून ये, हे मी कोण्या तोंडानं म्हणू? तुले वाटंन तसं कर. पण खरं ते तुले ठाऊक पाह्यजे. पोरीनं तुले मांगतलं होतं योगिनी, दिवसातून दहा डाव मांगतलं. तिले मांगता आलं. मलेच देता आलं नाही.

तुह्या पोरीची गुन्हेगार,
प्रयागबाई