नेरची लाइन अमरावतीवरून

४ फेब्रु.
लकव्यानंतर राठोडसाहेबांना घरी आणून अकरा दिवस. समजतं सगळं, तोंडून निघतो एकच शब्द: टोपी. चहा टोपी, पेपर टोपी, बायकोही टोपी. स्पीच थेरपीवाली पोरगी बहिऱ्याशी बोलावं तशी त्यांच्याशी ओरडते. म्हटलं, बाई गं, माझ्या नवऱ्याची वाचा गेलीय, कान नाही.
मला 'ऑपरेटर' म्हणायचे. लग्नाआधी नेरच्या ऑफिसातून माझ्याकडे ट्रंक कॉल मागायचे, तेव्हापासून. तेवढं एक परत ऐकायचंय. बाकी टोपी चालेल.

७ फेब्रु.
पोरगी वाटली तितकी बावळट नाही. म्हणाली, "शब्द मेंदूत आहेत काकू, बाहेर यायचा रस्ता तुटलाय. दुसरा शोधायचा." मग हे आधी सांगायचं ना. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. नेरची लाइन पडली की आम्ही अमरावतीवरून कॉल द्यायचो.
"काकांची लहानपणची भाषा?"
मराठी, म्हणून ठणकावलं. फॉर्मवरही तेच लिहिलंय.

१२ फेब्रु.
नणंद गोमलीबाई दिग्रसकडच्या तांड्यावरून आली. भावाजवळ बसून हरभरा सोलत होती, होळीचं गाणं, लेंगी, गुणगुणत. आणि हे गायला लागले. दोन ओळी, अख्ख्या, गोर बोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत. 'पाणी' म्हणता येत नाही तो माणूस.
मी आधी रडले, मग संतापले. औषधं मी द्यायची, गाणं बहिणीला.
"कायले तापून राह्यल्या वहिनी? आमची बोली घरात तुमीच बंद केलती. ते काय मेलती? आत बसून होती."
खरंय. कॉन्व्हेंटात मराठी बोललं की सिस्टर गळ्यात पाटी अडकवायच्या. किती शिव्या दिल्या मी त्यांना मनात. मुलगा झाल्यावर तोच कायदा घरात लावला. पाटी नव्हती, इतकंच.

१३ फेब्रु.
फॉर्म दुरुस्त केला. पोरीने दिलेला गृहपाठ: जे हवं ते लेंगीच्या चालीत गायचं, दोघांनी. शाळेच्या प्रार्थनेत पहिल्या रांगेत असायचे मी. आता हे.

२१ फेब्रु.
सकाळी स्वयंपाकघरात आवाज आला, चालीवर: "बाऽटी, बाऽटी." भाकरी मागत होते. एक मागितली, तीन वाढल्या. मीही चालीत विचारलं, भाजी? गोमलीबाई फोनवर ऐकत होती.
"वहिनी, भाऊ बरोबर हाय. तुमचीच चाल चुकून राह्यली."

१ मार्च
दहा-बारा शब्द झाले. सगळे गोर. मी ते शब्द म्हटले की अर्ध्या तोंडाने हसतात. हसू देत. चाळीस वर्षं उच्चार मी सुधारले त्यांचे.
दुपारी मी चहा गाळत होते. त्यांची लेंगी मध्येच थांबली. माझ्याकडे बघून, "ऑ... ऑप..." अडकलं. पुन्हा अडकलं. चिडून डोळे मिटून घेतले.
गाळणी खाली ठेवली. एक्स्चेंजमधला जुना आवाज काढला. "लाइन सोडू नका. जोडून देते."
डोळे उघडले. हसले. आणि लेंगी पुन्हा पहिल्या ओळीपासून धरली.