वरच्या वस्तीचा कचरा

४ फेब्रुवारी
झालं! शेवटी आणलीच ट्रॉली. तारेवरून लटकणारा लोखंडी पाळणा — वरच्या वस्तीचा कचरा आता तोच खाली नेणार. म्हणजे बाबांची, माझी आणि आमच्या खेचराची सुट्टी!

खेचराला सगळे बाईसाहेब म्हणतात. तोराच तसा. ओल्या कचऱ्यातल्या साली खात खात पायऱ्या उतरते. सालींत प्लॅस्टिक लागलं की त्या दारातून हलत नाही. घरातलं कोणी येऊन ते उचलेपर्यंत सगळी गल्ली अडून. तिच्या धाकानं अख्खी वस्ती ओलं-सुकं वेगळं करायला शिकली. कौतुक मात्र नगरपालिकेच्या ऑफिसातल्यांचं!

९ फेब्रुवारी
ट्रॉली बसवणारे इंजिनिअर घरी आले. ट्रॉलीच्या खालच्या स्टेशनवर मला कचरा निवडायचं काम देतो म्हणाले. पगार, बूट, रजा. मी तोंडावर सांगितलं — माझ्या बाबांच्या पोटावर पाय देणाऱ्यांचं काही नको.

बाबा त्यांच्यापुढे चहा ठेवत होते. इतका संताप आला मला! आयुष्यभर हा चढ चढलात, आता निदान दोन शब्द तरी बोला, म्हटलं. ते खोकत बाहेर निघून गेले.

१५ फेब्रुवारी
बाईसाहेब गेली. खाली सपाटीवर, एका माळ्याकडे. बाबा स्वतः पोचवून आले. जेवले नाहीत.

२० फेब्रुवारी
घरोघर फिरले. ट्रॉलीत काही टाकू नका म्हटलं — बघूया किती दिवस रिकामा पाळणा झुलवतात ते! सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, मी तशीही त्या पाळण्याखालून जात नाही.

बाबांना हे आवडलं नाही. मी परतले तर पाठ फिरवून झोपले.

२८ फेब्रुवारी
वर ढीग लागलेत. घाण वास. काहीजण दरीत फेकायला लागलेत, बाईसाहेब यायच्या आधी फेकायचे तसंच. खालची वस्ती दरीतल्याच झऱ्याचं पाणी पिते.

मला वाटलं होतं, ऑफिस नाक मुठीत धरून येईल. कोणी फिरकलंसुद्धा नाही.

१ मार्च
सकाळपासून बाबा घरात नव्हते. शिंपीणकाकू धापा टाकत आल्या. बाबा एकटेच वर ढीग उपसत होते. पोती पाठीवर घेऊन ट्रॉलीपर्यंत नेत होते! पायरीवर बसले ते उठलेच नाहीत.

हॉस्पिटलात मी रागावलेच. कोणी सांगितलं होतं हे? तर म्हणाले, "पाणी खराब होतंय गं."

४ मार्च
बाबा गेले.

१३ मार्च
माणसांची ये-जा थांबली. शेजारी कोणी खोकलं की मी उठून बसते. ते ढीग माझ्यामुळे लागले होते. हे तोंडानं कोणाला सांगवत नाही, म्हणून इथे लिहिते. फार रडू येतं.

वस्तीनं मुकाट्यानं ट्रॉलीत कचरा टाकायला सुरुवात केलीय. झऱ्याचं पाणी निवळलं म्हणतात.

१८ मार्च
इंजिनिअर भेटायला आले. म्हणाले — ट्रॉली बाबांनीच मागितली होती. दोन वर्षं ऑफिसच्या बाकावर येऊन बसायचे. खालच्या स्टेशनवरचं ते कामही त्यांनीच माझ्यासाठी मागून घेतलं होतं.

मला का नाही सांगितलं, विचारलं.

"ते म्हणाले, तिच्यासाठी करतोय हे कळलं तर ती मला अडवेल. पण माझ्यामागे माझी पोरगी हा चढ चढता कामा नये."