चढा अंदाज

२ फेब्रुवारी

धाकट्याने गॅरेजला कुलूप लावलं. कायमचं. फोनवर नुसता हसत होता — ताई, आता मोटारी बास, आता मोठे पंप! सोमवारी खाणीवर हजर व्हायचंय म्हणाला. मी अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि घासलेली भांडी परत घासायला घेतली.

३ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. डोक्यात घुमतंय ते तरी थांबेल.

गेल्या महिन्यात बाबांच्या वाढदिवसाला सगळे जेवायला जमलो होतो. बाबांनी नेहमीचं सुरू केलं — आमची लेक जगाच्या चुलीला किती सरपण लागेल ते मोजते. सगळे हसले. इतकी वर्षं नोकरी करतेय, पण घरात माझं काम म्हणजे हा एवढा एक विनोद. आणि मग धाकट्याने विचारलं. डोंगरातली जुनी युरेनियमची खाण परत उघडतेय, पंपांवर माणसं हवीत, जाऊ का? टिकेल का ती?

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. बाबांनी चमचा खाली ठेवला.

जगात किती अणुभट्ट्या चालतील आणि त्यांना किती युरेनियम लागेल, याचे आमच्या ऑफिसात दरवर्षी तीन अंदाज निघतात. एक कमी, एक मधला, एक चढा. मी फक्त चढा सांगितला. कुठे कुठे नव्या भट्ट्या बांधतायत, बंद पडलेल्या कशा सुरू होतायत, म्हाताऱ्या भट्ट्यांचं आयुष्य कसं वाढवतायत — बोलत सुटले. "तुझी नातवंडंसुद्धा तिथेच नोकरी करतील," असं म्हणाले. बाकीचे दोन अंदाज गिळून टाकले.

का? तर घरात पहिल्यांदाच सगळे माझं ऐकत होते. बस. याहून मोठं काही कारण असतं तर जरा बरं वाटलं असतं.

११ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. खूश आहे. खाणीत चारी बाजूंनी पाणी झिरपतं, ते सतत उपसावं लागतं, आणि ते पंप आता त्याच्या ताब्यात आहेत. जोडीला एक माणूस आहे — इतका उंच की बोगद्यातून वाकूनच चालतो. सगळे त्याला जिराफ म्हणतात, तोही 'ओ' देतो. दोघांचं मेतकूट जमलेलं दिसतंय.

भावजय अजून इथेच आहे. हॉस्पिटलात नर्स, पक्की नोकरी. महिनाअखेरीला राजीनामा देऊन ती पण जाणार. नोकरी काय, तिकडे पण मिळेल म्हणते. तिकडे दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक कंपाउंडर. पण नवरा म्हणतो खाण टिकणार, आणि नवऱ्याला ताई म्हणाली!

२० फेब्रुवारी

आज बैठक झाली. दोन मोठ्या देशांनी नव्या भट्ट्या पुढे ढकलल्यात. अजून जाहीर नाही, पण आम्हाला कळवलंय. वीज कंपन्यांची युरेनियमची कोठारं आधीच भरलेली आहेत. त्यात भर म्हणजे दूर कुठेतरी एक उथळ, स्वस्त खाण ठरल्यापेक्षा लवकर सुरू होतेय. साहेब म्हणाले, यंदा मधला अंदाजसुद्धा खाली आणावा लागेल.

मागणी उतरली की भाव पडतो. भाव पडला की आधी मरतात त्या महागड्या खाणी. खोल. पाण्याच्या. साहेबांनी फळ्यावर नावं लिहिली. धाकट्याच्या खाणीचं नाव लिहिताना त्यांचा खडू मोडला, त्यांनी दुसरा घेतला आणि नाव पूर्ण केलं. मी सगळ्यांबरोबर तेही उतरवून घेतलं. अक्षर चांगलं आलंय.

मग नेहमीची ताकीद. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत बाहेर शब्द जाता कामा नये, घरीसुद्धा नाही. आमचा आकडा आधी फुटला तर बाजारात लोक हात धुऊन घेतात. यापायी पूर्वी एकाची नोकरी गेलेली आहे.

हे ऐकून मला हायसं वाटलं. हो, हायसंच. गप्प बसायला आयतं कारण मिळालं.

२२ फेब्रुवारी

धाकट्याशी बोलले. हवापाण्यावर बोललो. नाही सांगितलं.

२५ फेब्रुवारी

भावजयीकडे गेले होते. अर्धं घर खोक्यांत गेलंय. तिकडच्या खोलीला एकच खिडकी आहे, तिच्या मापाचा पडदा शिवून ठेवलाय. मला उलगडून दाखवला. छान आहे म्हणाले.

चहा घेताना म्हणाली, हेड नर्स म्हणतात राजीनामा कशाला देतेस, बिनपगारी रजा घे, नाही जमलं तर परत ये. "तुम्हाला काय वाटतं ताई?"

रजा घे — दोन शब्द. कुठलं गुपित फुटत नव्हतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. कुणीही देईल असा सल्ला. पण तिने 'का' विचारलं असतं तर? माझ्याच तोंडचं ते नातवंडांचं वाक्य परत माझ्याकडे आलं असतं.

"तू ठरव," म्हणाले. आणि दुसरा चहा मागितला!

१ मार्च

भावजयीने दिला राजीनामा.

९ मार्च

काल राहवेना. सकाळची बस धरली.

धाकटा स्टँडवर आला होता. डोक्यावर हेल्मेट, गालाला ग्रीस, लहानपणी शाळेचं बक्षीस घेऊन यायचा तसा चेहरा. मला थेट पंपांवर घेऊन गेला. केवढे धूड ते! एकेकाच्या अंगावर हात फिरवत मला सांगत होता, हा कुरकुरतो, हा लाडावलेला आहे. तिथे जिराफ भेटला. त्याने मला बसायला स्टूल पुसून दिलं. मोठ्या शहराच्या ऑफिसातली ताई ती हीच, हे त्याला ठाऊक होतं.

मग हात चोळत त्याने विचारलं. बायको, पोरं, म्हातारी आई, सगळी लांब गावाकडे आहेत. घर मोडून इकडे आणावीत असं मनात आहे. "ताई, तुमच्या तोंडून ऐकायचंय. खाण चालेल ना?"

धाकटा शेजारी उभा होता, कौतुकाने माझ्याकडे बघत.

"चालेल," मी म्हणाले.

बाहेर पडलो. खाणीच्या कुंपणाला लागून एक चढण आहे, तिथे धाकट्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. फळा, नावं, तीन अंदाज, वाढदिवसाला गिळलेले दोन. तो ऐकत राहिला. चिडला असता तर सोपं गेलं असतं. नंतर त्याने फक्त विचारलं, हे इथल्या बाकीच्यांना सांगू का. मी म्हणाले, नाही रे, माझी नोकरी जाईल.

त्याने हेल्मेट काढलं.

"मग मला कशाला सांगितलंस?"

परतीच्या बसमध्ये याचं उत्तर शोधत होते. उत्तर एवढंच आहे — तू माझा भाऊ आहेस. आणि ते खाणीतल्या त्या माणसाला कसं सांगायचं, ज्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं?

१३ मार्च

धाकटा परत आला. तिकडे सांगितलं, वडील आजारी आहेत. बाबा ठणठणीत. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, ते खूश आहेत — पोरगं डोळ्यांसमोर आलं म्हणून.

भावजयीची नोटीस अजून चालू होती. हेड नर्सने राजीनामा मागे घेऊ दिला. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलते. धाकटा बोलत नाही.

पण वाचले! दोघंही वाचले. काल गाढ झोपले मी, कित्येक दिवसांनी. सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच लाज वाटली.

१७ मार्च

अहवाल पुढच्या महिन्यात यायचा आहे. साहेबांनी माझ्या तक्त्यांची तारीफ केली. नेटके आहेत म्हणाले.

२० मार्च

संध्याकाळी धाकटा आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. खाणीवर त्याच्या जागी जिराफला नेमलंय म्हणाला. खोलीही त्यालाच दिली, ती एका खिडकीची. फोनवर तो धाकट्याला बाबांची तब्येत विचारत होता, औषधाला काही मदत लागली तर सांग म्हणत होता.

"तू त्याला चालेल म्हणालीस," धाकटा म्हणाला. "तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता बारा दिवस माहीत आहे आणि मीही गप्प आहे. तुझ्यासारखाच झालो बघ."

जिराफचा नंबर देऊन गेला. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

२१ मार्च

नंबर टेबलावर ठेवला आहे. ऑफिसात गेले, आले. काम केलं. नंबर तिथेच.

अहवाल आला की त्याला आपोआप कळेल, असं मनाला समजावत होते. कळेल तर खरं. पण तोवर गावचं घर गेलेलं असेल.

२२ मार्च

फोन केला. जिराफच्या बायकोने उचलला. मी धाकट्याची ताई, म्हणून सांगितलं. ओरडूनच बोलत होती, कारण मागे पोरांचा गलका आणि ट्रकचं इंजिन. आत्ताच पोचलो म्हणाली, सासूबाई अजून ट्रकमध्येच बसून आहेत, चुलीची जागा बघितल्याशिवाय उतरणार नाही म्हणतात. हसत होती. मग म्हणाली, ताई, तुमच्या एका शब्दावर आम्ही आलो.

मी म्हणाले, बाई, ट्रक परत पाठवू नका. सामान उतरवू नका. आधी मी काय सांगते ते ऐका.