पहिल्या सेल्फला

७ सप्टेंबर, रविवार

परत तेच. सेल्फ मारते, मारते, मारते — नुसती घरघर, आणि शेवटी बॅटरीच मान टाकते. चारकोपच्या इस्टेटमधला शेजारचा गाळेवाला आज दारात येऊन म्हणाला, "दर्शना, भंगारात दे ना यार ती वॉटर स्कूटर." देईन. आधी हर्षदचं नाक कापू दे.

घटस्थापनेला मनोरीच्या रिसॉर्टवर चाचणी आहे. मालक श्यामसुंदरशेठ पितृपक्षात नवीन काही ठरवत नाहीत, म्हणून एवढा तरी वेळ मिळाला. त्यांना किनाऱ्यावर एकच स्कूटरवाला ठेवायचाय. एक तर मी, नाहीतर हर्षद — माझा जुना पार्टनर, भर सीझनमध्ये गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झालेला. त्याच्याकडे नवीकोरी, बटण दाबलं की चालू. माझी जुनी, कार्बोरेटरवाली. ही जागा गेली तर स्कूटर विकून मी परत मॉलमध्ये सेंट फवारत उभी.

खरं सांगायचं तर जागेपेक्षा मला त्याचं तोंड बघायचंय. मी जिंकल्यावरचं.

९ सप्टेंबर

मार्चमधला तो दिवस डोक्यातून जात नाही. भर समुद्रात स्कूटर बंद पडली, मागे गिऱ्हाईक बसलेलं. हर्षदने दोरी टाकून मला ओढत आणलं, एका हाताने व्हिडिओ काढत. किनाऱ्यावर आल्यावर माझ्या टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावला, झाकण लावलं, सेल्फ मारला — चालू! "पुढच्या वेळी वल्हं घेऊन ये गो," सगळ्यांसमोर म्हणाला. व्हिडिओ जेट्टीच्या ग्रुपवर. अजून तिथले दोघंतिघं मला वल्हं म्हणूनच हाक मारतात.

माझ्या हाताला नाही आणि त्याच्या हाताला लगेच? कशी काय?

१२ सप्टेंबर

नवे प्लग टाकले. स्पार्क निळा, झकास. कॉम्प्रेशन ठीक. बॅटरी चार्ज करून आणली. चोक ओढून बघितला, सोडून बघितला. तरी पहिल्यांदा चालू करायला जीव जातो.

बाबा टॉर्च धरून उभे होते. त्यांनी जन्मभर रिक्षा चालवली, कार्बोरेटर खोलायला मला त्यांनीच शिकवलं. "सेल्फ एवढा मारू नको, जळेल." आणि मग नेहमीचं — "पाणी शांत असलं तरच जा हां." त्यांना पोहता येत नाही. मी पाण्यात असले की जेट्टीवर समुद्राकडे पाठ करून बसतात.

१४ सप्टेंबर

कार्बोरेटर खोलला. आतल्या बारीक जाळीवर हिरवा चिकट गाळ! पेट्रोलच्या जुन्या करड्या नळ्या आतून विरघळून तिथे जाऊन बसल्या होत्या. सगळ्या बदलल्या, जाळी धुतली, परत बसवलं. टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स आवाज — उन्हाने असेल. पेट्रोल भरून सेल्फ मारला. एका झटक्यात चालू.

हर्षद, बेटा, मोज दिवस.

१५ सप्टेंबर

नाही झाली चालू. वाट लागली.

१७ सप्टेंबर

सापडलं. सगळं सापडलं.

सकाळी डोक्यात आलं — त्याने झाकण उघडलं तेव्हा चालू झाली. मी पेट्रोल भरलं तेव्हा चालू झाली. म्हणून झाकण सैल ठेवूनच सेल्फ मारला. लगेच चालू. झाकण घट्ट लावलं, इंजिन तापू नये म्हणून पाण्याची नळी जोडून चालू ठेवली, तर थोड्या वेळाने गुदमरून बंद. परत उघडलं — फुस्स. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती! टाकीला श्वासच घेता येत नव्हता, मग पेट्रोल पुढे येणार कुठून?

टाकीची हवेची नळी चाचपत गेले. हँडलच्या खाली, हातही धड पोचत नाही अशा जागी, काळा दोरा. करकचून वेढे मारून गाठ. जुनी नळी त्याच्याखाली पार चपटी झालेली.

काळा दोरा आणि आमच्याकडे? बाबांनी रिक्षाला कधी लिंबू-मिरची बांधली नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, स्टँडवर कोणी काही बांधलं की त्याचं डोकं खायचे. आणि हर्षदच्या पायात काळा दोरा, त्याच्या प्रत्येक स्कूटरला काळा दोरा, गावच्या देवळातून आणलेला. आम्ही पार्टनर होतो तेव्हा माझ्या स्कूटरला हात लावणारा तोच.

आता तू गेलास.

दोरा कापून हत्यारांच्या डब्यात ठेवला. पुरावा. बाबांना सांगितलं नाही, नाहीतर भाषण ऐकावं लागलं असतं.

१८ सप्टेंबर

जेट्टीच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं — हर्षदने माझ्या स्कूटरची नळी आवळून ठेवली होती. आपापल्या मशीन तपासा. दुपारपर्यंत शेठचा फोन. "असला माणूस माझ्या किनाऱ्यावर नको."

संध्याकाळी तो स्वतः गाळ्यावर आला. नेहमीचा माज नव्हता. "आवशीची शपथ घेऊन सांगतंय, मी नाय बांधूक. आणि काळो दोरो कोण कोणाचा वाईट करूक बांधता काय गो? तो राखणेक बांधतत."

मी शटर खाली ओढलं. वल्हं म्हण ना आता.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

पहिल्या सेल्फला चालू! दोन चकरा मारल्या, बंद केली, परत पहिल्या सेल्फला. जागा माझी. शेठनी पेढा दिला. बाबा जेट्टीवर पाठ करूनच बसले होते, मी किनाऱ्याला लागल्यावर वळले.

हर्षद आला नाही. त्याला आता कोणीच उभं करत नाही, नवी स्कूटर विकायला काढलीय म्हणे. काढू दे. फक्त त्याचं तोंड बघायचं राहिलं.

२४ सप्टेंबर

बाबा पाना शोधायला हत्यारांचा डबा उपसत होते. दोरा हातात घेऊन उभेच राहिले. मला वाटलं, आता भाषण.

"हा कापलास कशाला?"

त्यांनी मान खाली घातली. "लोकांना जन्मभर नको नको म्हणत आलो. कोणाला दिसू नये म्हणून पार आत बांधला, हाताला लागेल त्या नळीला. तू पाण्यात जातेस गं. मला पोहता येत नाही. दुसरं काय करणार होतो मी?"

ग्रुपवरचा मेसेज आता डिलीट होत नाही.